ऑटिझम असलेल्या लहान मुलांची झोप आणि औषधं : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

दोन ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी हे पान आहे. मी डॉक्टर नाही, अशाच एका मुलाची आई आहे. थेरपी सेंटरच्या बाकड्यावर मुलांची वाट बघताना आम्ही एकमेकींना जे विचारतो, तेच इथे घेतलंय. मिलिग्रॅमचे आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिलेत. तुमच्या मुलाला किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

मुलगा चार वर्षांचा आहे, रात्री एकपर्यंत टक्क जागा असतो. आमचंच काही चुकतंय का?

नाही. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी फार जास्त आढळतात. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण ४४ ते ८३ टक्के निघालंय. काहींच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. काहींना पंख्याची घरघर, शिवण टोचणारा पायजमा, बाहेरच्या दिव्याची तिरीप सहन होत नाही. आणि 'आता खेळ संपला, झोप' हा बदल पचवणं हेच मुळात या मुलांना अवघड जातं. लाड केले म्हणून झोप उडाली, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

पण 'ऑटिझम आहे, म्हणजे असंच चालायचं' हेही खरं नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बाराच्या वयात ९ ते १२ तास. मूल आठ तासच झोपतं, पण दिवसभर ताजंतवानं असतं, तर ते कदाचित त्याला पुरतही असेल. सात तास झोपून दिवसभर किरकिर, डोकं आपटणं, थेरपीत लक्ष नाही, असं असेल तर मात्र झोपेकडे बघायलाच हवं.

औषधाचा विचार नेमका कधी करायचा?

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०२० मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या झोपेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातला क्रम सरळ आहे : आधी झोप बिघडवणारं दुसरं दुखणं किंवा चालू असलेलं औषध शोधा, मग सवयींवर काम करा, त्याने भागलं नाही तर मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन, त्याबद्दल पुढे सांगते) द्या. सवयींचे उपाय औषधासोबतही चालू ठेवायचे.

हा क्रम मला पटतो, पण तो घरात बसवताना एक गोष्ट हमखास सुटते. औषध सुरू करायच्या दिवशीच तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवा. कशासाठी देतोय : झोप लवकर लागावी म्हणून, की मधेच जाग येऊ नये म्हणून? किती आठवडे देऊन बघणार? आणि फरक पडला की नाही हे कशावरून म्हणणार? हे न ठरवता सुरू केलेली गोळी दोन वर्षांनीही चालूच असते, आणि तिचा उपयोग होतोय का हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

आणखी एक. आईवडिलांची झोप हाही या निर्णयाचा भाग आहे. सलग तीन महिने रात्री चार तासांवर झोप नाही, दिवसा स्कूटर चालवताना डोळे मिटतात, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते स्वार्थीपणाचं बोलणं नव्हे. घर कोसळायला आलं असेल तर सवयी आणि औषध दोन्ही एकदमच सुरू करायला डॉक्टर तयार होऊ शकतात.

औषधाआधी काय काय तपासून घ्यायचं?

सगळ्यात आधी घोरणं. तोंड उघडं टाकून झोपणं, घामाने उशी भिजणं, मधेच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकणं, यामागे अ‍ॅडेनॉइड किंवा टॉन्सिल (नाकामागच्या आणि घशातल्या वाढलेल्या गाठी) असू शकतात. तिथे झोप आणणारं औषध देणं उलट धोक्याचं ठरू शकतं. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात मूल घोरून दाखवणार नाही.

दुसरं, लोह. झोपेत सतत पाय झाडणं, चादरीवर टाचा घासणं, पाय दाबून घ्यायला लावणं असं असेल तर फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून मागा. लॅबच्या कागदावर १५ किंवा २० हा आकडाही 'नॉर्मल'मध्ये छापलेला असू शकतो, पण पायांच्या अशा अस्वस्थतेत फेरिटिन ५० च्या खाली असेल तर झोपेचे तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. आपल्या देशात हे सहज विसरण्यासारखं नाही : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं अ‍ॅनिमिक निघाली. त्यातून आपली मुलं चार-पाच ठरावीक पदार्थांवर जगणारी. लोहाचं सिरप मात्र आपल्या मनाने सुरू करू नका, ते जास्त झालं तर विषारी असतं.

बाकीची यादी भरभर सांगते : बद्धकोष्ठता, आम्लपित्त, खाज, दाढ दुखणं, जंत, झोपेत येणारे झटके. बोलता न येणारं मूल 'पोटात दुखतंय' म्हणत नाही, ते रात्री दोनला उठून रडतं. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) दुपारी उशिरा घेतलेलं मिथाइलफेनिडेटही झोप लांबवतं. आणि चहा! संध्याकाळी बशीत ओतून बिस्कीट बुडवायला दिलेला चहा आपण मोजतच नाही.

'झोपेच्या सवयी लावा' म्हणतात. आमचं वन रूम किचन, सहा माणसं, मिस्टर दहाच्या लोकलने येतात. कसं जमणार?

परदेशी पुस्तकांतली वेगळी खोली आणि वेगळा पलंग सोडून द्या. मूल आईजवळ किंवा आजीजवळ झोपतं यात काही बिघडत नाही. बदलता येतील अशा गोष्टी दुसऱ्याच आहेत.

उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठवायची असते. मूल रोज साडेबाराला झोपत असेल तर पहिल्याच दिवशी नऊला अंथरुणावर नेऊन तीन तास कुस्ती खेळू नका. पहिले काही दिवस साडेबाराच्या सुमारासच न्या, म्हणजे अंथरुणावर पडलं की झोप लागते ही सांगड बसते. मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. ही पद्धत आमच्या बाकड्यावर सगळ्यात जास्त घरांत चालली.

थेरपीहून परतताना सहा वाजता रिक्षात लागलेली डुलकी रात्रीची झोप खाते. जमत असेल तर थेरपीची वेळ बदलून घ्या, नाहीतर रिक्षात हातात कुरमुऱ्यांची पुडी द्या.

झोपण्याआधीच्या अर्ध्या तासाचा क्रम रोज तोच ठेवा : हातपाय धुणं, पायाला तेल, तेच गाणं, दिवा बंद. चार चित्रं भिंतीवर लावली तर 'आता पुढे काय' हे न बोलता कळतं. टीव्ही बंद होत नसेल तर आवाज कमी करा आणि मुलाची पाठ टीव्हीकडे येईल असं अंथरूण घाला. ट्यूबलाइटऐवजी छोटा पिवळा दिवा लावा, कारण प्रखर उजेड शरीराचं मेलाटोनिन दाबून ठेवतो. वडील दहाला येणारच असतील तर आल्या आल्या उचलून हवेत उडवणं तेवढं टाळायचं. हे सांगणं सगळ्यात कठीण असतं, मला माहीत आहे.

मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळीच ना?

मोठ्या माणसांना देतात तसली गुंगीची गोळी नव्हे. मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून पाझरणारं हार्मोन आहे. 'रात्र झाली' हा निरोप ते शरीराला देतं. म्हणून त्याचा मुख्य उपयोग झोप *लागायला* होतो. ती टिकवायला साधी गोळी तितकीशी कामाची नाही, कारण ती शरीरातून लवकर निघून जाते.

फायदा किती धरायचा?

कागदावर छोटा वाटतो, घरात मोठा. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विकासाच्या अडचणी असलेली तीन ते पंधरा वर्षांची १४६ मुलं होती. मेलाटोनिनने झोप लागायला लागणारा वेळ साधारण ४० मिनिटांनी घटला. एकूण झोप मात्र वीस-बावीस मिनिटांनीच वाढली, कारण मुलं सकाळी लवकर उठायला लागली! हे आधी माहीत असलं की पहाटे पाचला मूल उठल्यावर धक्का बसत नाही.

सावकाश विरघळणाऱ्या छोट्या गोळ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. दोन ते साडेसतरा वर्षांची १२५ मुलं, बहुतेक ऑटिझम असलेली. तेरा आठवड्यांनी औषधाच्या गटात झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली, खोट्या (औषध नसलेल्या) गोळीच्या गटात ९ मिनिटांनी. त्यानंतर २०१८ मध्ये युरोपात ऑटिझम असलेल्या दोन वर्षांवरच्या मुलांसाठी तिला मान्यता मिळाली. आपल्या मेडिकलमध्ये 'एसआर' (सावकाश विरघळणारी) लिहिलेली गोळी दिसली म्हणून ती तीच, असं धरून चालू नका. मुलांच्या निद्रानाशासाठी म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) मान्यता दिलेलं औषध तर एकही नाही. तिथेही डॉक्टर आपल्या अनुभवावर आणि जबाबदारीवर लिहून देतात.

किती आणि कधी द्यायचं?

अमेरिकन सूचनांत सुरुवात १ ते ३ मिलिग्रॅमने, झोपण्याआधी ३० ते ६० मिनिटं, आणि गरजेप्रमाणे हळूहळू वाढवत १० मिलिग्रॅमच्या आत, असं आहे. माझं मत : सगळ्यात कमी मात्रेने सुरू करा आणि आठवडाभर ती हलवू नका. जास्त दिलं म्हणजे जास्त झोप, असं हे औषध वागत नाही. काही मुलांत सुरुवातीला छान फरक पडतो आणि काही आठवड्यांनी ओसरतो. तेव्हा आपला हात वाढवण्याकडे जातो, पण औषध शरीरात साचून राहिल्यामुळेही असं होऊ शकतं, आणि अशा वेळी मात्रा *कमी* करून काम होतं. म्हणून फोन डॉक्टरांना करायचा, गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही.

पहिला डोस शनिवारी रात्री द्या. आणि त्याच आठवड्यात नवी शाळा, नवी थेरपी, नवा आहार असं काही सुरू करू नका. मग फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

अमेरिकेतल्या मावशीने गमीज आणल्यात. त्या देऊ का?

नका देऊ. अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नव्हे, पूरक आहार म्हणून विकलं जातं, त्यामुळे तपासणी सैल असते. २०२३ मध्ये तिथल्या २५ गमीज तपासल्या तेव्हा २२ मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला. आतलं मेलाटोनिन लेबलच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत होतं, आणि एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. म्हणजे तीन मिलिग्रॅम समजून तुम्ही दहा देत असाल. आपल्याकडेही गमीज, सिरप, तोंडात विरघळणाऱ्या पट्ट्या ऑनलाइन चिठ्ठीशिवाय मिळतात. डॉक्टरांनी नाव लिहून दिलेलं, औषध कंपनीचं उत्पादन घ्या, आणि प्रत्येक वेळी तेच घ्या.

गमीचा दुसरा धोका म्हणजे ती गोळ्या-चॉकलेटसारखी दिसते. डबा उघडा राहिला की मूल मूठभर खातं.

गोळी गिळत नाही. दहीभातात कालवून दिली तर?

दहीभात हाच त्याचा हुकमी पदार्थ असेल तर अजिबात नको. कडवट चव एकदा लागली की मूल औषध तर सोडतंच, दहीभातही सोडतं, आणि मग तुमच्याकडे खायला घालायला काही उरत नाही. ज्याच्यावर जेवण अवलंबून नाही असा पदार्थ निवडा : चमचाभर श्रीखंड, आमरस, मध. चमचाभरच. ग्लासभर दुधात घातलं आणि अर्धं सांडलं तर किती पोटात गेलं ते कळत नाही. साधी गोळी बहुधा चुरून देता येते, सावकाश विरघळणारी मात्र चुरायची नाही, नाहीतर सगळं औषध एकदम उतरतं. चुरण्याआधी केमिस्टला विचारा.

झोप लागते पटकन, पण रात्री दोनला उठून हसत बसतो.

इथे साध्या मेलाटोनिनचा फारसा जोर चालत नाही. रात्री दोनला दुसरी गोळी तर देऊच नका, सकाळी शाळेत मूल झिंगल्यासारखं बसेल. आधी वरची यादी पुन्हा तपासा, विशेषतः घोरणं, लोह आणि पोट. मग बघा की जाग आल्यावर त्याला काय मिळतं. दिवा लागतो, मोबाइल मिळतो, दूध गरम होतं? रात्री दोनची ती जत्रा कंटाळवाणी करायची : अंधार, हळू आवाज, तेच एक वाक्य, तीच थोपट.

सवय लागेल का? वाढीवर परिणाम?

मेलाटोनिनचं व्यसन लागल्याचं दिसलेलं नाही. बंद केल्यावर जुनी तक्रार परत येऊ शकते. सकाळची सुस्ती, डोकेदुखी, भडक स्वप्नं हे त्रास काहींना होतात. २०१७ च्या त्या अभ्यासातल्या मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा उंची, वजन आणि वयात येणं यांवर वाईट परिणाम दिसला नाही. दहा वर्षांच्या वापराची अशी खात्री देता येत नाही, म्हणून तर तारीख ठरवून देणं महत्त्वाचं. फिट येत असतील किंवा दुसरी औषधं चालू असतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

डॉक्टरांनी क्लोनिडीन लिहून दिलंय. ते तर बीपीचं औषध!

बरोबर, मूळचं ते रक्तदाबाचंच. मेंदूतली उत्तेजना खाली आणतं म्हणून एडीएचडी, अतिचंचलता आणि झोपेसाठीही वापरतात. ऑटिझममधल्या झोपेसाठी त्याचा पुरावा थोडका आहे, छोट्या अभ्यासांपुरता. तज्ज्ञ ते मेलाटोनिन चाललं नाही की विचारात घेतात, आणि ते चुकीचं नाही. पण दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. एक, ते अचानक बंद करायचं नाही. रक्तदाब उसळून वर जातो. गावाला जाताना पट्टी विसरली, असं होऊ देऊ नका. दोन, लहान मुलाच्या पोटात थोडं जरी जास्त गेलं तरी नाडी आणि श्वास मंदावतो. डबा कुलपात ठेवा.

ईईजीच्या (मेंदूच्या आलेखाच्या) वेळचं झोपेचं सिरप उरलंय. खोकल्याच्या औषधानेही छान झोपतो.

ट्रायक्लोफॉसचं ते सिरप तपासणीपुरतं, एका वेळेसाठी दिलेलं असतं. उरलेलं टाकून द्या. अ‍ॅलर्जी-खोकल्याच्या औषधांतली गुंगी काही दिवसांत बोथट होते, आणि काही मुलं त्याने उलटी जास्त चेकाळतात. त्यातलंच एक, प्रोमेथाझीन, तर दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा एफडीएचा सगळ्यात कडक इशारा आहे, कारण श्वास दबतो. आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा, हे तर मनातही आणू नका.

रिस्पेरिडोनची गोष्ट वेगळी. ते स्वतःला इजा करणं, मारणं, तीव्र चिडचिड यांसाठी आहे. अमेरिकेत २००६ पासून ऑटिझम असलेल्या पाच ते सोळा वर्षांच्या मुलांतल्या याच त्रासासाठी मान्य आहे. त्याने झोप येते, पण भूक आणि वजनही भराभर वाढतं. निव्वळ झोपेसाठी कुणी लिहून दिलं तर 'याच्याऐवजी दुसरं काही?' असं जरूर विचारा.

जायफळ उगाळून दिलं तर?

बाळगुटीतले सहाणेवरचे एक-दोन वळसे पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. अडचण अशी की आज एक वळसा, झोपला नाही म्हणून उद्या पाच, असं होतं. जास्त जायफळ विषारी असतं : भ्रम होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. आणि देत असाल तर डॉक्टरांना सांगा. 'घरगुती आहे' म्हणून हे नेमकं सांगायचं राहतं.

वजनदार पांघरूण?

२०१४ च्या अभ्यासात मुलांना आणि पालकांना आवडलं, झोप मोजल्यावर वाढली नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. घेतलंच तर मुलाला ते स्वतः बाजूला सारता यायला हवं.

सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला कसली औषधं देता. नवऱ्यालाही पटत नाही.

वाद 'औषध हवं की नको' यावर घालू नका, तो संपत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत रोज तीन वेळा लिहा : अंथरुणावर कधी, झोप कधी, जाग कधी. दोन आठवड्यांनी ते पान सगळ्यांसमोर धरा. 'काल जरा उशीर झाला' म्हणणारा नवरा चौदा ओळी बघून गप्प होतो. मग 'सहा आठवडे देऊन बघू, अमुक तारखेला पुन्हा ठरवू' एवढंच मागा. आणि रात्री गोळी कोण देणार ते एकाच माणसावर ठेवा, नाहीतर आईने दिली, आजीनेही दिली, असं होतं.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं? आणि खासगी परवडत नसेल तर?

कॅलेंडरच्या त्या पानाचा फोटो, घोरण्याचा व्हिडिओ, चालू औषधांच्या पट्ट्या. दहा मिनिटांच्या भेटीत तोंडी वर्णनापेक्षा हे जास्त बोलतं. विचारायचे प्रश्न : हे झोप लागण्यासाठी आहे की टिकण्यासाठी? फरक किती दिवसांत दिसायला हवा? बंद कसं करायचं? कुठला त्रास झाला तर लगेच फोन करायचा?

जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे डीईआयसी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतात. तिथे बालरोगतज्ज्ञांची भेट आणि तपासण्या मोफत असतात. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' विम्यात ऑटिझम असलेल्या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारही काही मर्यादेपर्यंत येतात.

चुकून जास्त गोळ्या खाल्ल्या तर?

उलटी काढायला जाऊ नका. उठवूनही उठत नाही, श्वास संथ किंवा खरखरता आहे, अंग गार पडलंय, तर तडक १०८. क्लोनिडीन, लोह किंवा मोठ्यांची गोळी असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता निघा. रिकामी पट्टी बरोबर घ्या.

बंद कधी करायचं?

तीन महिन्यांनी पहिला हिशेब, मग किमान दर सहा महिन्यांनी. झोप बरेच महिने सुरळीत असेल तर डॉक्टरांना विचारून मेलाटोनिन आठवडा-दोन आठवडे थांबवून बघता येतं. दिवाळीची सुट्टी यासाठी वाईट, फटाके आणि पाहुण्यांमुळे काहीच कळत नाही. जून तर शाळेचा. जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा साधा पंधरवडा निवडा, कॅलेंडरच्या चौकटी पुन्हा भरायला घ्या, आणि आकडे सरकले तर गोळी परत सुरू करायला लाजू नका.